झिलईखालचा लाल रंग

मातीचीं भांडीं घडविण्याचा व रंगविण्याचा छंद गेल्या कांहीं वर्षांत आपल्या शहरांतील सुशिक्षित घरांत चांगलाच रुजूं लागला आहे. मुंबई-पुण्यासारख्या ठिकाणीं हें काम शिकविणारे वर्ग आहेत, विजेवर चालणाऱ्या लहान भट्ट्या मिळतात, आणि तयार रंगांच्या बाटल्याहि विकत घेतां येतात. या छंदाच्या वाटेवर पाऊल टाकणाऱ्याला लवकरच एक अनुभव येतो. निळ्या रंगानें काढलेली वेल भट्टींतून निळीच बाहेर येते. काळी रेघ काळीच राहते. हिरवें पानहि बहुधा दगा देत नाहीं. परंतु जास्वंदीचें लालभडक फूल मात्र कधीं विटकरी, कधीं करडें, तर कधीं पुसून गेल्यासारखें होऊन हातीं येतें. आठ दिवसांची मेहनत एका रात्रीच्या आंचेंत वाया जाते, आणि दोष रंगाचा, हाताचा कीं भट्टीचा, हें कळत नाहीं. लाल रंगच असा हट्टी कां, आणि त्याला वश कसें करावें, याचा विचार आजच्या भाषणांत करावयाचा आहे. त्याला जोडूनच दुसरा एक प्रश्न आहे, व तो अधिक गंभीर आहे. असा रंग दिलेल्या भांड्यांत आपण खावें-प्यावें काय?

प्रथम झिलईखालचा रंग म्हणजे काय, तें पाहूं. माती वाळली कीं तिची पहिली भाजणी करतात. या भाजणीनंतर भांडें कठीण होतें, पण सच्छिद्र राहतें. जिभेला लावलें तर चिकटतें. यालाच या धंद्यांतले लोक बिस्क म्हणतात. या बिस्कवर रंग द्यावयाचा, त्यावर पारदर्शक झिलई चढवावयाची आणि भांडें पुन्हां भट्टींत घालावयाचें. झिलई म्हणजे दुसरें तिसरें कांहीं नसून कांचच आहे. गारेची पूड, माती आणि तिला लवकर वितळविणारीं द्रव्यें यांचें तें मिश्रण. आंचेंत तें वितळून भांड्यावर पसरतें व थंड झालें कीं कांचेसारखें चमकूं लागतें. रंग या कांचेच्या खालीं सांपडतो, म्हणून तो घासण्यानें झिजत नाहीं. हातच्या छंदासाठीं जें काम होतें, त्यांत पहिली भाजणी सुमारें १०६० अंश सेंटिग्रेडपर्यंत आणि झिलईची भाजणी सुमारें १००० अंशांपर्यंत करण्याची रीत आहे. पहिली आंच दुसरीपेक्षां मुद्दाम कडक ठेवितात, म्हणजे मातींतील वाफा व वायु आधींच निघून जातात आणि नंतर झिलईला फोड येत नाहींत.

आतां लाल रंगाचें मूळ दुखणें लक्षांत घेऊं. वितळलेली कांच हें एक प्रकारचें पाणीच आहे, आणि त्यांत धातु विरघळतात. कोबाल्ट विरघळला कीं कांच निळी होते. तांबें विरघळलें कीं ती हिरवी किंवा पिरोजी होते. मँगनीजनें जांभळी, क्रोमियमनें हिरवी, लोखंडानें मधासारखी पिवळी अथवा तपकिरी होते. या यादींत लाल कोठेंच नाहीं. नेहमींच्या वापरांतील एकहि धातु असा नाहीं, जो भट्टीच्या कांचेंत नुसता विरघळून स्वच्छ लाल रंग देईल. निळा रंग विरघळला तरी निळाच राहतो, म्हणून तो भरंवशाचा. लाल रंग हा न विरघळलेल्या सूक्ष्म कणांचा रंग आहे. ते कण कांचेंत अखंड तरंगत राहिले तरच तो दिसतो. विरघळले कीं त्याचा अंत झाला. हें एवढें सूत्र मनांत धरलें, तर लाल रंगाचा सगळा इतिहास आणि त्याच्या वापराचे सगळे नियम आपोआप उलगडत जातात.

आपल्या सर्वांच्या ओळखीचा लाल म्हणजे गेरू. तुळशीवृंदावनाला व अंगणाच्या कडेला तो आपण लावतों. अजिंठ्याच्या चित्रकारांनींहि तोच वापरला. गेरूचा रंग लोखंडाच्या तांबड्या भस्माचा, म्हणजे आपण ज्याला गंज म्हणतों त्याच्या जवळच्या द्रव्याचा असतो. भिंतीवर त्याला कोणाची भीति नाहीं. कुंभाराच्या मडक्यावरहि तो टिकतो, कारण मडक्याची आंच बेताची असते आणि त्यावर झिलई नसते. परंतु तोच गेरू झिलईखालीं घालून कडक आंच दिली, म्हणजे वितळलेली कांच त्याचे कण खाऊं लागते. मग लालाचा तपकिरी होतो, आणि लेप पातळ असेल तर नुसती पिवळट छटा उरते.

तरीसुद्धां या लोखंडाच्याच लालानें जगांतील एक अत्यंत सुंदर काम झालें आहे. तुर्कस्तानांत इझनिक नांवाचें गांव आहे. तेथील कारागिरांनीं सोळाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास पांढऱ्या भूमीवर पोवळ्यासारखा लाल रंग साधला. इस्तंबूल येथील सुलेमानिया मशीद १५५७ सालीं पुरी झाली. सिनान या थोर वास्तुविशारदानें बांधलेल्या या मशिदींतील फरशांवर हा लाल रंग आरंभींच्या काळांतच दिसूं लागतो. इझनिकच्या कारागिरांची युक्ति अशी होती कीं, ते लोहयुक्त तांबडी माती पाण्यांत पातळ करून न लावतां तिचा जाड थर देत. वरचा भाग कांचेनें खाल्ला तरी खालचे कण शाबूत राहत. म्हणूनच त्या फरशांवरून बोट फिरविलें असतां निळें-हिरवें सपाट लागतें आणि लाल तेवढा किंचित् उंच लागतो. सतराव्या शतकांत हें कसब उतरणीस लागलें, व तो लाल रंग मळकट विटकरी होत गेला. लाल रंग जाड द्यावा, हा या विद्येंतील पहिला धडा चारशें वर्षांपूर्वींच्या त्या फरशांवर आजहि वाचावयास मिळतो.

चीन देशानें निराळा मार्ग धरला. जिंगदेझेन येथील कारागीर चौदाव्या शतकांत तांब्यापासून झिलईखालचा लाल रंग काढूं लागले. तांबें तर हिरवा रंग देतें, असें मीं आतांच सांगितलें. तें खरें, परंतु भट्टींत प्राणवायूची टंचाई केली, आंच धुरकट ठेविली, तर विरघळलेलें तांबें पुन्हां धातुरूप होतें, आणि त्याचे अतिसूक्ष्म कण कांचेंत विखुरतात. हे कण लाल दिसतात. ही किमया फार नाजूक आहे. धूर थोडा कमी झाला तर हिरवट डाग पडतात; आंच अधिक झाली तर तांबें वाफ होऊन उडून जातें. मिंग घराण्याचा पहिला बादशहा होंगवू याच्या कारकीर्दींत, म्हणजे १३६८ ते १३९८ या काळांत, अशीं भांडीं पुष्कळ झालीं. पण त्यांतील कित्येकांचा लाल रंग करडेपणाकडे झुकलेला आहे. पुढें श्वेन्द बादशहाच्या वेळीं, १४२६ ते १४३५ या वर्षांत, त्याला खरा तेजस्वीपणा आला. पण शेवटीं बाजी मारली ती निळ्यानेंच. निळी-पांढरी चिनी भांडीं जगभर गेलीं, याचें एक मोठें कारण कोबाल्टचा भरंवसा हेंच होय. आपल्या घरगुती विजेच्या भट्टींत प्राणवायु भरपूर असतो. म्हणून हा चिनी मार्ग आपल्याला बंदच आहे असें समजावें.

यूरोपांत सोन्यापासून गुलाबी-लाल रंग काढण्याची रीत सतराव्या शतकाच्या अखेरीस प्रसिद्ध झाली. तेथेंहि सूक्ष्म कणांचाच प्रताप आहे, मात्र हे कण सोन्याचे. तो रंग महाग, व बहुधा झिलईच्या वरून देण्याचा. पुढें इंग्लंडांत कुंभारकामाला उपयोगी असा एक स्वस्त रंग निघाला. कथलाचें पांढरें भस्म, चुना व गारेची पूड यांत अगदीं अल्प क्रोमियम घालून तें मिश्रण भाजलें असतां गुलाबी, किरमिजी अथवा डाळिंबी रंग होतो. क्रोमियम एकटा हिरवा. परंतु कथलाच्या संगतींत त्याचा स्वभावच पालटतो. आजहि रंगांच्या बाटल्यांवर गुलाबी, किरमिजी वा मरून अशीं नांवें असलेले बरेचसे रंग याच कुळांतले असतात. ते चांगले टिकतात, पण त्यांना दोन पथ्यें आहेत. झिलईंत चुना पुरेसा पाहिजे, आणि जस्त नको. जस्त असलेल्या झिलईखालीं हा रंग करपट तपकिरी होतो. तसेंच, क्रोमियमचा हिरवा रंग दिलेलें भांडें आणि कथलाच्या पांढऱ्या झिलईचें भांडें भट्टींत शेजारीं शेजारीं ठेविलें, तर क्रोमियमची वाफ उडून पांढऱ्या भांड्याच्या त्या बाजूस गुलाबी झांक येते. अनेकांना हा चमत्कार वाटतो. पण तें या किरमिजी रंगाचेंच घरगुती प्रात्यक्षिक आहे.

परंतु किरमिजी म्हणजे कुंकवाचा लाल नव्हे. भडक, शेंदराच्या जवळ जाणाऱ्या लालासाठीं माणसानें काय काय केलें, याचें एक उदाहरण सांगण्यासारखें आहे. अमेरिकेंत होमर लॉफ्लिन या कंपनीनें १९३६ सालीं फिएस्टा नांवाचीं रंगीत भांडीं बाजारांत आणलीं. फ्रेडरिक ऱ्हीड या कलावंतानें त्यांचे घाट ठरविले होते. त्यांतील नारिंगी झांक असलेला लाल अतिशय लोकप्रिय झाला. त्या झिलईंत युरेनियम होतें. महायुद्धाच्या काळांत अमेरिकी सरकारला युरेनियमची गरज भासूं लागली, आणि १९४३ सालीं तो लाल रंग बंद पडला. ज्या द्रव्यासाठीं अणुबाँबचे कारखाने चालले होते, तेंच द्रव्य तोंवर लोकांच्या जेवणाच्या टेबलावर बशीच्या रूपानें ठेवलेलें होतें! १९५९ सालीं तो रंग पुन्हां निघाला व १९७२ सालीं कायमचा थांबला. भांड्याचा रंग केवळ डोळ्यांनीं पारखूं नये, त्यांत काय आहे हेंहि विचारावें, हा धडा त्यापासून घ्यावयाचा.

आज आपल्याला बाटलींत मिळणारा लालभडक रंग मात्र कॅडमियम व सेलेनियम यांचा असतो. योगायोग असा कीं, हीं दोन्ही मूलद्रव्यें १८१७ या एकाच वर्षीं सांपडलीं. कॅडमियम जर्मनींत स्ट्रोमायर यांना, व सेलेनियम स्वीडनमध्यें बर्झेलियस यांना. कॅडमियम आणि गंधक यांचें संयुग पिवळें असतें. त्यांतील गंधकाच्या कांहीं भागाऐवजीं सेलेनियम घालीत गेलें, कीं तें क्रमानें नारिंगी, शेंदरी, लाल आणि शेवटीं गडद मरून होतें. इतका शुद्ध व तेजस्वी लाल दुसऱ्या कोठल्याहि द्रव्यांत मिळत नाहीं. पण हा रंग आंचेला अत्यंत भित्रा. वितळलेल्या झिलईच्या हातीं तो उघडा सांपडला, कीं फुटून नाहींसा होतो. म्हणून पुष्कळ वर्षें तो झिलईच्या वरून, मंद आंचेच्या कामांतच वापरीत.

या अडचणींतून १९७०नंतरच्या दशकांत जर्मनींतील रसायनज्ञांनीं फार सुरेख वाट काढली. झिरकोनियम सिलिकेट, ज्याला झिरकॉन म्हणतात, तें खनिज वितळलेल्या कांचेलाहि सहजासहजीं दाद देत नाहीं. केरळच्या समुद्रकांठच्या काळ्या वाळूंत तें सांपडतें. हें झिरकॉन भट्टींत तयार होत असतांनाच कॅडमियमच्या लाल कणांभोंवतीं त्याचे स्फटिक वाढतील अशी योजना त्यांनीं केली. लाल कण आंत, आणि भोंवतीं पारदर्शक, अभेद्य चिलखत! जे कण चिलखताबाहेर उघडे राहतात, ते आम्लानें धुऊन काढतात. असा कवचधारी रंग १२०० अंशांच्या पुढची आंचहि सोसतो. आज छंदाच्या कामाला जो खराखुरा लाल मिळूं लागला आहे, तो या युक्तीमुळें. दाण्याच्या पोटांत रंगाचा अंश थोडा व कवचच जास्त, म्हणून हा रंग निळ्या-काळ्या रंगांपेक्षां जाड द्यावा लागतो, हेंहि यावरूनच ध्यानांत येईल.

आतां प्रत्यक्ष कृतीकडे वळूं. बाटली घेतांना तीवरील मजकूर वाचावा. किती आंचेपर्यंत रंग टिकतो, त्यांत कॅडमियम आहे काय, भोजनाच्या भांड्यांना तो चालतो काय, या तीन गोष्टी पाहाव्या. भूमि शक्य तों पांढरी असावी. कवचधारी लाल अर्धवट पारदर्शक असतो; पांढऱ्या मातीवर तो उजळतो, तांबड्या मातीवर मळकट दिसतो. माती तांबडीच असेल, तर फुलाच्या जागीं आधीं पांढऱ्या रंगाचे दोन हात द्यावे आणि मग लाल चढवावा. रंगविण्यापूर्वीं बिस्क ओल्या स्पंजनें पुसून घ्यावें. धूळ राहिली तर रंग सुटतो, आणि हाताचें तेल लागलें तर झिलई त्या जागीं बसत नाहीं.

कुंचला मऊ व भरपूर रंग धरणारा घ्यावा. कागदावर जलरंग पसरावा तसा येथें पाणी घालून रंग पसरूं नये. तो कुंचल्यानें ठेवीत जावा. पहिला हात आडवा, तो वाळल्यावर दुसरा उभा, आणि तिसरा पुन्हां आडवा. लालासाठीं तीन हात हें किमान समजावें. कित्येकदां चौथाहि लागतो. प्रत्येक हात पुरता वाळूं द्यावा. ओल्यावर ओला दिला कीं खालचा रंग कुंचल्याबरोबर उचलला जातो. मात्र जाडपणालाहि मर्यादा आहे. फार जाड थर वाळतांना तडकतो व पापुद्र्यासारखा सुटतो. हाताला अंदाज येईपर्यंत मातीच्या चार तुकड्यांवर एक, दोन, तीन व चार असे हात देऊन, अर्ध्या भागावर झिलई लावून भाजून पाहावें. ज्या भट्टींत पुढें काम करावयाचें त्याच भट्टींत हे तुकडे भाजावे, आणि त्यांवर मागच्या बाजूस तपशील लिहून ते जपून ठेवावे. छंदाच्या कामांत अशा तुकड्यांसारखा दुसरा गुरु नाहीं.

झिलई लावतांना घाई करूं नये. जाड झिलई दुधाळ दिसते व खालच्या लालावर धुकें पडल्यासारखें होतें. पातळ झिलई खरखरीत राहते. रंग व झिलई एकाच बनावटीचीं असलीं तर जुळण्याचा संभव अधिक. निरनिराळीं असल्यास आधीं तुकड्यावर परीक्षा करावी. शिशाची झिलई कोणी देऊं केली तर घेऊंच नये. तिचें कारण पुढें येईलच.

भट्टीची आंच मोजण्यासाठीं लहान शंकु वापरतात. बर्लिन येथील हेरमान झेगर यांनीं १८८६ सालीं ते प्रचारांत आणले. चिनी तांबड्या झिलईचा अभ्यास करणारे शास्त्रज्ञहि हेच. अमेरिकेंत एडवर्ड ऑर्टन यांनीं १८९६ पासून तसे शंकु बनविले, व त्यांचेच आंकडे आज छंदाच्या कामांत रूढ आहेत. ठराविक आंच ठराविक वेळ लागली कीं शंकु वितळून वांकतो. अंकापूर्वीं शून्य असेल तर जो आंकडा मोठा तो शंकु थंड, हें मात्र विसरूं नये. ०६ हा ०४ पेक्षां मंद आंचेचा. शंकु केवळ उष्णता दाखवीत नाहीं, तर उष्णतेनें किती काम केलें तें दाखवितो. लाल रंगाच्या दृष्टीनें हें फार महत्त्वाचें आहे. वरची आंच गांठल्यावर भट्टी तासन्‌तास तशीच धरून ठेवली, तर आंकडा न वाढतांहि रंग फिका पडूं शकतो. म्हणून लाल भांड्यांना आंच नेमकी द्यावी व वर पोंचल्यावर रेंगाळूं नये.

भट्टींत लाल भांडीं दाटीनें रचूं नयेत. प्रत्येकाभोंवतीं हवा खेळली पाहिजे. मातींतील व रंगांतील सेंद्रिय द्रव्य जळून जातांना प्राणवायु ओढून घेतें. हवा कोंडली तर लाल रंग करडा पडतो. आरंभीं भट्टीचें झांकण किंचित् उघडें व हवेचीं भोंकें मोकळीं ठेवावीं, आणि हा धूर घरांत न येतां बाहेर जाईल अशी व्यवस्था असावी. भट्टींत कोठें आंच अधिक व कोठें कमी असते, हें दोन-चार भाजण्यांनंतर कळतें. लाल भांडें त्यांतल्या सौम्य जागीं ठेवावें.

आतां आरंभीं काढलेल्या दुसऱ्या प्रश्नाकडे येऊं. कॅडमियम हें विष आहे, आणि शरीरांत गेलेलें कॅडमियम वर्षानुवर्षें बाहेर पडत नाहीं. तें मूत्रपिंडांत सांचतें. जपानांत तोयामा प्रांतीं जिंझू नदीच्या कांठीं खाणीच्या सांडपाण्यांतून कॅडमियम भातशेतींत उतरलें, आणि तेथील लोकांचीं, विशेषतः वयस्क स्त्रियांचीं, हाडें ठिसूळ होऊन त्यांना असह्य वेदना होऊं लागल्या. त्या रोगाचें नांवच इताई-इताई, म्हणजे "दुखतें, दुखतें" असें पडलें. १९६८ सालीं जपानच्या सरकारनें त्याचें मूळ कॅडमियम असल्याचें मान्य केलें. रंगीत भांड्यामुळें एवढा अनर्थ होईल असें मी सुचवीत नाहीं. परंतु कोणत्या द्रव्याशीं आपण खेळत आहों, याची जाणीव घरांतील प्रत्येकाला असली पाहिजे.

कवचधारी रंगांत हें विष झिरकॉनच्या आंत कोंडलेलें असतें, म्हणून तो उघड्या रंगापेक्षां पुष्कळच सुरक्षित. पण तें कवच फोडणें आपल्याच हातीं असतें. हा रंग खलांत घोटूं नये. मिक्सरमध्यें वांटण्याचा मोह तर मुळींच धरूं नये. वाळलेला रंग कोरडा घासूं नये. घासणें भागच असेल तर ओल्या स्पंजनें घासावें, म्हणजे धूळ उडत नाहीं. फवारा मारण्याचें काम घरांत करूं नये. काम संपल्यावर टेबल झाडण्याऐवजीं ओल्या फडक्यानें पुसावें, हात धुवावे, आणि स्वयंपाकाच्या ओट्यावर हें काम कधींहि करूं नये. लहान मुलांना रंगवावयाचें असेल तर त्यांच्यासाठीं कॅडमियमविरहित रंगच निवडावे.

आणि भोजनाचें भांडें? येथें आपल्या स्वयंपाकाचा विचार केला पाहिजे. परदेशांतील पुस्तकांत कॉफीचा पेला व केकची बशी यांचा विचार असतो. आपल्याकडे चिनी मातीच्या बरणींत कैरीचें व लिंबाचें लोणचें वर्षभर मुरतें. चिंच, कोकम, ताक, कढी, सोलकढी हे सगळे आंबट पदार्थ. आम्लानें कांच हळूहळू झिजते, व तींत अडकलेले धातु सुटूं लागतात. प्रयोगशाळेंत भांड्याची परीक्षा याच तत्त्वावर करतात. शेंकडा ४ भाग ॲसेटिक आम्ल असलेलें पाणी भांड्यांत २४ तास ठेवून, त्यांत शिसें व कॅडमियम किती उतरलें तें मोजतात. यूरोपीय राष्ट्रांनीं १९८४ सालीं या दोहोंच्या मर्यादा एकत्र ठरविल्या. शिशाच्या झिलईंतील शिसें आम्लानें सुटून अन्नांत उतरतें, म्हणून त्या झिलईला मीं मघाशीं मनाई केली. घरीं लिंबाची फोड रात्रभर भांड्यावर ठेवून पाहतां येतें. सकाळीं तेथील झिलई निस्तेज झाली किंवा रंग बदलला, तर तें भांडें जेवणाला बाद. मात्र कांहीं फरक दिसला नाहीं एवढ्यावरून भांडें निर्दोष ठरत नाहीं. डोळ्याला न दिसणारें तेवढें प्रयोगशाळेलाच दिसतें.

म्हणून एक साधा नियम सांगतों. लाल रंग भांड्याच्या बाहेरच्या अंगाला द्यावा. आंतल्या बाजूस व ओठ लागतो त्या कांठाजवळ तो देऊं नये. आंतून नुसती स्वच्छ, शिसें नसलेली झिलई असावी. लोणच्याची बरणी तर रंगविण्याचा छंद बाजूला ठेवून विश्वासाची व साधीच घ्यावी. फुलदाणी, कुंडी, भिंतीवरची फरशी, दिव्याची बैठक यांवर मात्र लाल रंग मनसोक्त वापरावा. तेथें त्याच्याकडून कोणाला अपाय नाहीं.

राहतां राहिली गोष्ट शोभेची. लाल रंग जितका दुर्मिळ तितका तो थोडा शोभतो. इझनिकच्या फरशांत लालाचा वांटा निळ्याच्या मानानें अल्पच असतो, पण नजर प्रथम त्याच्याकडेच जाते. पांढरी मोकळी जागा, काळी बारीक रेघ, निळें-हिरवें पान आणि त्यांत लालाचा एखादा ठिपका किंवा पाकळी, एवढ्यानें भांडें उठून दिसतें. मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेंत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत जॉर्ज टेरी यांच्या देखरेखीखालीं जीं भांडीं तयार झालीं, त्यांवर अजिंठ्याच्या चित्रांतील आकृति घेतल्या होत्या. आपल्यालाहि नक्षीसाठीं दूर जाण्याची गरज नाहीं. पैठणीच्या पदरावरील मोर व कमळ, दारापुढची रांगोळी, जास्वंद, डाळिंबाचें फूल, हे नमुने घरांतच आहेत, आणि त्यांतील कित्येकांना लालावांचून चालत नाहीं.

या छंदाला ज्यांना नव्यानें आरंभ करावयाचा असेल, त्यांनीं पहिल्याच दिवशीं मोठी फुलदाणी हातीं घेऊं नये. चार लहान फरशा घ्याव्या, लालाचे कमी-अधिक हात देऊन त्या भाजाव्या, आणि भट्टी पुरती निवल्यावरच झांकण उघडावें. गरम भट्टी उघडली तर गार हवेच्या झोतानें झिलई तडकते. एवढा धीर धरला, तर त्या चारांतील एका तरी फरशीवर जास्वंदीचा लाल जसाच्या तसा उतरलेला आढळेल; आणि त्यावर किती हात दिले होते तें मागच्या बाजूस लिहिलेलें असलें, म्हणजे तोच लाल पुन्हां हवा तेव्हां काढतां येईल.